आधी लिही, मग हात उचल

२७ ऑगस्ट, सकाळी १०.२०

...आणि शेवटचं सांगतो, दात मी पाडला नाही. दात आधीपासून हलत होता. मी फक्त त्याला दिशा दिली. कॉलेजच्या कमिटीलाही हेच सांगितलं होतं. पण कमिटीत पाच जण आणि पाचही जणांचे दात शाबूत. त्यांना हलत्या दाताचं काय कळणार.

असो. विषय क्लोज्ड. कालपर्यंत सुट्या कागदांवर लिहीत होतो, आजपासून या वहीत. वही मावशीने दिली. मावशी शाळेत काउन्सेलर आहे, चौथीपर्यंतच्या मुलांची. म्हणाली, तुझी केस माझ्याच वयोगटातली आहे. नियम एकच: राग आला की आधी लिही, मग हात उचल. लिहून होईपर्यंत राग उतरतो म्हणे. तारीख टाकायची, वेळ टाकायची. पान फाडायचं नाही. तिने स्वतःच्या हाताने पानांना एक ते शहाण्णव नंबर टाकलेत. एवढा अविश्वास बघून राग आला. लिहिला.

उतरला. मेथड भारी आहे.

आता फॅक्ट्स. तीन दिवसांनी मी पॅकेजिंग शिकायला परदेशात चाललोय. दोन वर्षं. तिथल्या लॅबमध्ये ड्रॉप टेस्टर आहे. खोकं वर चढवतो, हव्या त्या कोनात धरतो आणि सोडून देतो. मग खोकं का फुटलं ते शोधायचं. मी त्याचा फोटो फोनवर वॉलपेपर म्हणून लावलाय. ताई म्हणाली, लोक मुलींचे लावतात रे.

अडचण एकच. दाताच्या प्रकरणामुळे युनिव्हर्सिटीने अंडरटेकिंग लिहून घेतलंय. माझ्याकडून कुठलाही हिंसक प्रकार झाला की ॲडमिशन कॅन्सल. रजिस्ट्रेशनची शेवटची वेळ ३० तारीख, दुपारी चार. माझं विमान पोचतं तेही त्याच दिवशी, कारण या कागदापायीच व्हिसा उशिरा आला.

कॅन्सल झालं तर काकाचा खोक्यांचा कारखाना. पुठ्ठ्याला पिना मारायच्या मशीनपाशी काकाने माझं स्टूल ठेवलंय. काका म्हणाला, जा, हिंडून ये, स्टूल मी हलवत नाही. हसला पण वर. त्याला मारलं नाही, हे नोंदवून ठेवतो.

संकल्प: ३० तारखेला चार वाजेपर्यंत कोणालाही हात लावायचा नाही. तीन दिवसांचा प्रश्न आहे. माणसं तीन दिवस उपाशी राहतात.

२७ ऑगस्ट, संध्याकाळी ६.४५

एक सीनियर गळ्यात पडलाय. मराठी आहे. नव्या मुलांना घ्यायला युनिव्हर्सिटीने एकेक सीनियर नेमलाय, माझ्या वाट्याला हा. लाल टोपी घालून, माझ्या नावाची पाटी घेऊन एअरपोर्टला उभा राहणार. इथपर्यंत ठीक. पण हा माणूस व्हॉइस नोट पाठवतो. सकाळपासून अकरा. मोज्यांवर एक आख्खी नोट. किती आणायचे, कसले आणायचे, त्याने पहिल्या वर्षी कसले आणले आणि पुढे त्या मोज्यांचं काय झालं. प्रत्येक वाक्याच्या शेवटी, कळलं का. मी कळलं म्हणून अंगठा टाकला की पुढची नोट.

नाव ठेवलं: सल्लागार.

राग येतोय. लिहितोय. याचा आवाज नाकातून येतो. ते नाक एकदा बघायचंच आहे. भेटला की आधी एक ठेवून देईन, मग नमस्कार करीन.

उतरला.

शेवटची नोट मात्र कामाची. एअरपोर्टच्या बाहेर बॅगा हिसकावणारे असतात म्हणे. गेल्या वर्षी एका मुलीची गेली. बॅगेला कोणी हात लावला तर मागेपुढे बघू नकोस, सरळ दणका दे, कळलं का.

हे कळलं.

२८ ऑगस्ट, दुपारी १२.१०

सूटकेस नवीन आणली, काळी, कडक कवचाची. दुकानदार म्हणाला, हत्ती बसवा. मी पॅकेजिंगचा माणूस, दुकानदाराच्या शब्दावर कसा जाणार. टेस्ट केली. पूर्ण भरून, दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून, कोपऱ्यावर. कोपरा हा खोक्याचा सगळ्यात दुबळा पॉइंट असतो.

रिझल्ट: सूटकेस पास. तळमजल्यावरच्या सरांची स्कूटर नापास.

सर रिटायर्ड आहेत, आवाज अजून सर्व्हिसमध्ये आहे. वर आले. म्हणाले, गाढवा, खाली माणूस असता तर? मी शांतपणे म्हटलं, सर, बघूनच सोडली, माणूस नव्हता, स्कूटर होती. म्हणजे स्कूटर दिसली होती तुला? मी म्हटलं दिसली होती, पण माझ्या कॅल्क्युलेशनप्रमाणे ती सेफ होती. त्यांनी माझी कॉलर धरली. मी त्यांचा चष्मा बाजूला केला. चष्मा तोंडावर होता, त्यामुळे तोंडही थोडं बाजूला झालं.

आई मध्ये पडली. सरांचं समाधान व्हावं म्हणून तिने त्यांच्यासमोर मला उलथन्याने दोन दिले. सर म्हणाले, तीन द्या वहिनी, वर्गात मी तीन द्यायचो. आईने तिसरा दिला. तो जरा जास्तच मनापासून होता.

आधी लिहायला जमलं नाही, कारण वही कपाटात होती. म्हणजे चूक माझी नाही, सिस्टीमची आहे. यापुढे वही शर्टाच्या खिशात, पेन्सिलीसकट.

हा प्रकार धरायचा नाही. घरगुती आहे.

२९ ऑगस्ट, संध्याकाळी ५.४०

ओठ फुटलाय. पण प्रेमाने फुटलाय, त्यामुळे तक्रार नाही.

झालं असं की काका सूटकेस न्यायला आला, आत्ताच गाडीत टाकून ठेवू म्हणाला, पहाटे घाई नको. आमच्या घरात एक पद्धत आहे. दुसऱ्याच्या हातातली बॅग विचारून घेत नाहीत, हिसकावतात. विचारलं की समोरचा नको नको म्हणणार, म्हणून विचारायचंच नाही. मागून यायचं, दे इकडे म्हणायचं आणि ओढायचं. ज्याच्या हातात शेवटी बॅग राहते त्याचं प्रेम जास्त. ताईच्या लग्नात तिच्या सासऱ्यांचा खांदा यातच निखळला होता. ते अजून कौतुकाने सांगतात.

तर बाबांनी सूटकेस उचलली. काका म्हणाला, दे इकडे. बाबा म्हणाले, राहू दे, तुझी कंबर. काका म्हणाला, माझ्या कंबरेचं तू मला सांगू नको. जिन्याच्या तोंडाशी दोघंही ओढायला लागले. मी म्हटलं, सूटकेस माझी आहे, मी घेतो. दोघंही म्हणाले, तू गप. मग हँडल तुटलं. हँडल काकाकडे, सूटकेस बाबांकडे, बाबा चपलांच्या स्टँडमध्ये. काकाचं कोपर माझ्या ओठावर.

कोणी रागावलं नाही. काका हँडल हलवत म्हणाला, बघ, तुझी टेस्ट झालेली सूटकेस. आईने ओठाला हळद लावली. सूटकेसला आडवी-उभी पिवळी सुतळी बांधली. छान ओळखू येते आता.

विचार: इतक्या वेडगळ पद्धती मागे टाकून मी जातोय. तिथे माणसं एकमेकांना स्पेस देतात. माझा राग इथल्या वातावरणाचा आहे. वातावरण बदललं की राग गेला, साधं सायन्स आहे.

३० ऑगस्ट, पहाटे ५.१५, एअरपोर्ट

प्रवासाचा दिवस. मूड उत्तम. आई रडली, बाबांनी घसा खाकरला, मावशी म्हणाली आधी लिही. काका म्हणाला, स्टूल.

चेक-इनच्या रांगेत आहे. मागे टाय घातलेला एक माणूस. त्याची ट्रॉली माझ्या घोट्याला लागली. सॉरी म्हणाला. मी हसलो. परत लागली. परत सॉरी. तिसऱ्यांदा लागली तेव्हा तो फोनवर बोलत होता, सॉरीसुद्धा फोनमध्येच म्हणाला.

मी माझी ट्रॉली त्याला परत दिली. म्हणजे वळवून, नडगीच्या लेव्हलला, थोड्या वेगाने. तो एका पायावर दोन काउंटर पुढे गेला.

लिहायचं राहिलं होतं. आता लिहिलं. पाच मिनिटांचा फरक फारसा नसतो.

३० ऑगस्ट, सकाळी ८.५०, विमानात

माझ्या पुढच्याच सीटवर टायवाला. योगायोग. मी मनात म्हटलं, मोठं मन दाखवायची संधी आहे.

त्याने सीट मागे टाकली. माझा ट्रे बरगड्यांत. मी गुडघ्याने सीट सरळ केली. त्याने परत टाकली. मी परत सरळ केली. लॅबमध्ये याला व्हायब्रेशन टेस्ट म्हणतात: माल ट्रकमध्ये किती धक्के खाईल ते बघायचं. आमची टेस्ट पन्नास मिनिटं चालली. माल आधी कोणाचा फुटतो एवढाच प्रश्न होता.

मग त्याने उठून गुंडाळलेल्या मासिकाने माझ्या डोक्यात मारलं. हे रेकॉर्डवर राहू दे. पहिला फटका त्याचा. ट्रॉली मोजायची नाही, ते जमिनीवरचं होतं.

त्याचा टाय मी ओढला नाही. टाय माझ्या हातात होता आणि तो सरळ उभा राहायला गेला. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तो वांग्याच्या रंगाचा झाला. एअरहोस्टेस आली, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि मला शेवटच्या रांगेत टॉयलेटपाशी बसवलं. शिक्षा म्हणून नव्हे. इथे पाय पसरता येतात. माझ्या शांतपणाचं बक्षीसच म्हणायला हरकत नाही.

एक गोष्ट चांगली झाली: टाय धरलेला असताना मला वहीची आठवण आली. फक्त दोन्ही हात बिझी होते. प्रगती आहे.

३० ऑगस्ट, सकाळी ११.५०, मधला एअरपोर्ट

इथे विमान बदलायचं. दीड तास. टायवाला दिसला नाही. बरं झालं, त्याच्यासाठी.

११.४० ला कॉफीच्या मशीनपाशी गेलो. मशीनने कॉफी दिली, कप दिला नाही. कॉफी जाळीतून सरळ खाली. परत बटण दाबलं. या वेळी कप आला, कॉफी नाही. मशीनला कळत असून ते मुद्दाम करत होतं, याची मला खात्री आहे.

लाथ एकच. पण पॅनेल पातळ होतं. आत्ता लिहिताना वाटतं, एवढ्या पातळ पत्र्यात मशीन पॅक करणाऱ्यालाच खरं तर मारायला पाहिजे. काच फुटली, कप सगळे बाहेर आले, पाच-पन्नास. सफाईवाल्या बाई नुसत्या बघत उभ्या राहिल्या. मी कप गोळा करून दिले. त्या म्हणाल्या, कॉफी हवी असेल तर पलीकडे स्टॉल आहे, तिथे माणूस असतो, त्याला मारू नका.

माझ्या उजव्या अंगठ्याचं काहीतरी झालंय. बूट काढला तर परत जाणार नाही, म्हणून काढत नाही.

अंडरटेकिंग फोनवर परत वाचलं. व्यक्ती किंवा मालमत्ता, असं लिहिलंय. मालमत्ता म्हणजे युनिव्हर्सिटीची. मशीन युनिव्हर्सिटीचं नाही. क्लिअर आहे.

३० ऑगस्ट, सकाळी ७.४०, दुसऱ्या विमानात

घड्याळ घरच्या वेळेवरून तिथल्या वेळेवर लावलं, साडेचार तास मागे. आणि एकदम लक्षात आलं: मशीनचा प्रकार ११.४० चा. आत्ता वाजलेत ७.४०. म्हणजे ज्या देशात मी शिकायला चाललोय तिथे तो अजून झालेलाच नाही. टाळता येण्यासारखा आहे.

इतकं हलकं वाटलं की झोप लागली.

३० ऑगस्ट, सकाळी ११.४०

वेळ झाली. सीटवरून हललो नाही. मशीनला लाथ मारली नाही. प्रकार टळला.

अंगठा फार ठणकतोय, पण त्याला कारण राहिलेलं नाही.

३० ऑगस्ट, दुपारी २.००

पोचलो. चारला दोन तास बाकी. युनिव्हर्सिटीची बस २.१५ ला सुटते, कॅम्पस पाऊण तासावर. टायमिंग परफेक्ट. डावा डोळा अर्धा बंद आहे. कारण लिहितो.

सामानाच्या पट्ट्याजवळ उभा होतो. माझी काळी सूटकेस आली. आणि टायवाला पुढे झाला आणि त्याने ती उचलली. समोर, दिवसाढवळ्या. सल्लागार जे म्हणाला होता ते एअरपोर्टच्या आतच सुरू होतं तर. मी सूटकेस धरली. तो म्हणाला, माझी आहे. मी म्हटलं, माझी आहे. त्याने ओढली, मी ओढली. या खेळात आमच्या घराला कोणी हरवू शकत नाही. दोघंही पट्ट्यावर पडलो आणि सामानाबरोबर गोल फिरलो. एक पूर्ण राउंड. लोक आपापल्या बॅगा आमच्या अंगावरून उचलत होते.

सूटकेसवर सुतळी नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण सुतळी त्याने काढून टाकली असणार असं वाटलं.

दुसऱ्या राउंडला पिवळी सुतळी बांधलेली सूटकेस आमच्या मागून आली.

मी त्याची सोडली. त्याने माझा डोळा फोडला. मी परत मारलं नाही. हे मी ठळक अक्षरात लिहितो: परत मारलं नाही. मारायला गेलो होतो, पण अंगठ्यावर भार पडला आणि मी खाली बसलो. तरी परिणाम तोच. तो टाय नीट करत म्हणाला, तुला न्यायला कोणी येणार असेल तर देव त्याचं भलं करो.

दोन विमानांत कानांना दडे बसलेत, सगळं पाण्याखालून ऐकू येतंय. फोन मेलाय. आता बाहेर जाऊन लाल टोपी शोधायची. बॅग दोन्ही हातांनी घट्ट. हँडल नाही, त्यामुळे मिठी मारून.

दोन तास फक्त.

३० ऑगस्ट, दुपारी २.४०, युनिव्हर्सिटीच्या बसमध्ये

पुढच्या सीटवर बसवलंय. ड्रायव्हरने पट्टा स्वतः लावला आणि दोनदा ओढून बघितला. मागच्या सीटवर तो आहे. बर्फ लावून.

अक्षर बसमुळे हलतंय. माझा हात हलत नाहीये.

झालं ते क्रमाने. मी बाहेर आलो. उजव्या डोळ्याने लाल टोपी शोधत होतो. डावीकडून, म्हणजे बंद डोळ्याच्या बाजूने, मागून एक हात आला. बॅगेची सुतळी धरली. ओढली. दे इकडे, असं म्हणाला.

माझे दोन्ही हात बॅगेभोवती. पाय एक निकामी. डोकं मोकळं होतं.

कपाळ ते नाक. अंदाजे तीस सेंटिमीटरवरून. फ्लॅट इम्पॅक्ट.

काडकन आवाज आला. दडे बसलेले असूनही आला. तो जमिनीवर बसला आणि मी वरून सूटकेस सोडली. ती त्याच्या पायावर पडली, कोपऱ्यावर. मग एक गुडघा. गुडघा पूर्ण लागला नाही, हे त्यानेही मान्य केलंय.

आणि मग मला सुचलं की इथला चोर मराठीत का बोलेल.

लाल टोपी गटारापर्यंत गेली होती. माझ्या नावाची पाटी त्याच्या मांडीवर होती आणि नाकातलं रक्त टपटप माझ्या आडनावावर पडत होतं. तो वर बघून म्हणाला, अरे, मला दणका दे असं नव्हतं म्हटलं. मी म्हटलं, तुम्हीच म्हणालात मागेपुढे बघू नकोस. तो म्हणाला, लांबून तीन हाका मारल्या रे, तुझा ओठ, डोळा, लंगडणं बघितलं, वाटलं पोराला कोणीतरी लुटलंय, म्हणून बॅग घ्यायला धावलो. मग विचारून घ्यायची ना, असं मी म्हटलं. तो म्हणाला, आपल्यात विचारतात का?



मला दादा म्हण म्हणाला, म्हणजे वयाने मोठा आहे. दादा चांगला माणूस आहे. बर्फाच्या मागून म्हणाला, घाबरू नकोस, ड्रायव्हरने कॅम्पसच्या सिक्युरिटीला फोन केलाय, चौकशी होईल, पण मी सांगतो गैरसमज झाला. नवीन पोरगा आहे, दमलाय. दोन मिनिटांचं काम. कळलं का.

कळलं म्हटलं. डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही डोळ्यांत, फुटलेल्यासकट.

मग बोलता बोलता म्हणाला, तू त्या ड्रॉप टेस्टरसाठी आलायस ना, तुझ्या फॉर्मवर वाचलं. तो माझ्याकडेच असतो. लॅबची किल्ली माझ्या खिशात आहे.

३० ऑगस्ट, दुपारी ३.१५, सिक्युरिटी ऑफिस

खोलीला काचेची भिंत. काचेतून समोरच रजिस्ट्रेशनचा काउंटर दिसतो. रांगेत नऊ जण. काउंटरवर घड्याळ. मी इथून उठून पंचवीस पावलं चाललो की झालं.

टेबलामागे चौकशीच्या बाई. केस पांढरे, आवाज हळू. ड्रायव्हरने साक्ष दिली. मी डोकं कसं मारलं ते त्याने दारावर तीनदा करून दाखवलं. तिसऱ्या वेळी त्याला स्वतःलाच लागलं. दादाचा जबाब झाला: गैरसमज. बाईंनी दादाला फर्स्ट-एडच्या खोलीत पाठवलं. त्यांच्या फॉर्मवर दोन चौकोन आहेत. एक गैरसमजाचा, एक हल्ल्याचा. पहिल्यावर खूण झाली की मी रांगेत. दुसऱ्यावर झाली की परतीचं विमान.

त्यांचं पेन पहिल्या चौकोनावर टेकलंच होतं. रीत म्हणून त्यांनी विचारलं, तुला काही सांगायचंय?

मला वाटलं, नुसत्या दादाच्या शब्दावर सुटणं बरं दिसत नाही. उद्या कोणी म्हणायला नको की ओळखीवर सुटला. केस पक्की करावी. मी वही पुढे केली. म्हटलं, मॅडम, मी रागीट नाही याचा लेखी पुरावा. तारखेसकट, वेळेसकट, स्वतःच्या हाताने.

बाईंनी पेन उचललं. वही चाळली. पानांचे नंबर मोजले, शहाण्णव भरले, फॉर्मवर लिहून घेतले. ही कुठली भाषा? सांगितली. इंग्लिशमध्ये कोण सांगू शकेल? मी म्हटलं मीच सांगतो ना. त्या म्हणाल्या, तू सोडून.

मग संगणकावर बघितलं. पूर्ण कॅम्पसमध्ये ही भाषा वाचणारा एकच विद्यार्थी आहे म्हणाल्या. आत्ता फर्स्ट-एडच्या खोलीत आहे. बोलावते.

३० ऑगस्ट, दुपारी ३.२८

वही मागून घेतली. म्हटलं, मॅडम, मला शांत राहायला लिहावं लागतं. त्यांनी दिली, पण खुर्ची माझ्याकडे वळवून बसल्यात.

जुनी पानं बघितली. नाकातून येणारा आवाज. ते नाक एकदा बघायचंच आहे. भेटला की आधी एक ठेवून देईन, मग नमस्कार करीन. तारीख २७, वेळ ६.४५. तीन दिवस आधी.

आणि त्याखाली, उतरला.

रबर नाही. पान फाडता येत नाही, नंबर मावशीचे आणि मोजलेत बाईंनी. पान खावं असं एकदा मनात आलं. ओठ फुटलाय, चावता येणार नाही.

नमस्कार करायचा राहिलाय, हेही आत्ताच लक्षात आलं.

रांगेत पाच जण उरलेत. काका आत्ता काय करत असेल? तिकडे कारखाना सुटला असेल. स्टुलावर कोणी बसलेलं नसेल.

३० ऑगस्ट, दुपारी ३.३८

दादा आले. दोन्ही नाकपुड्यांत कापूस. लाल टोपी परत डोक्यावर. लंगडत आले, मी लंगडत उठलो. नमस्कार केला. बाई म्हणाल्या, पूर्ण वाचा, पहिल्या पानापासून, आणि मग मला सांगा कुठला चौकोन.

दादा समोर बसले. टेबलावरून हात पुढे केला आणि म्हणाले, दे इकडे.

वही धरली आणि ओढली. मी सोडली नाही. माझ्या हाताची मूठ आपोआप झाली. मावशी, खरं सांगतो, आयुष्यात पहिल्यांदा मी आधी लिहितोय. मूठ डावी आहे, पेन्सिल उजव्या हातात. दादा त्यांच्या बाजूने वही धरून बसलेत, म्हणून ओळ तिरकी गेली. ते उलट्या बाजूने वाचताहेत वाटतं, कापूस हलला.

रांगेत दोन जण. आता सोडतो.

दादा, हे पान फक्त तुमच्यासाठी. बाकीची पानं रागात लिहिलीत, हे शांतपणे लिहितोय. एकदम चौकोनावर जाऊ नका, सगळं सलग वाचा. मध्ये मोज्यांचं येईल, ते सोडून दिलंत तरी चालेल. आणि वाचून झालं की बाईंना सांगायच्या आधी मला एकदा सांगा, मोठ्या भावासारखं, अगदी खरं: तुम्हाला मी कुठे रागीट वाटलो का?